‘भूक लागते का?’ पासून ‘भूकबळी’पर्यंत: एका शब्दाची दोन टोके

प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी आलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टर पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच ‘भूक लागते का?’ असे विचारतात, आणि म्हाताऱ्याने ‘लागते जी’ असे उत्तर दिले की त्यांची निम्मी काळजी मिटते. त्याच केंद्रासमोरच्या पानठेल्यावर टांगलेल्या वर्तमानपत्रात मात्र ‘भूक’ हा शब्द मृत्यूच्या, कुपोषणाच्या आणि सरकारला विचारलेल्या जाबाच्या बातमीत येतो. एका ठिकाणी भूक असणे हे प्रकृती चांगली असल्याचे लक्षण ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी तीच भूक समाजाचे आजारपण ठरते. शब्द एकच असल्यामुळे आपण बोलता बोलता एका अर्थावरून दुसऱ्यावर जातो आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. या नकळत होणाऱ्या सरकण्यातून काही गंभीर गैरसमज निर्माण होतात, म्हणून हा शब्द जरा उलगडून पाहणे आवश्यक आहे.

व्युत्पत्तीपासून आरंभ केला तर अर्थाचा पहिला धागा हाती लागतो. संस्कृतात ‘भुज्’ म्हणजे खाणे किंवा भोगणे. भोजन, भोग आणि उपभोग हे शब्द याच धातूचे. एखादी क्रिया करण्याची इच्छा दाखवायची असली की संस्कृतात धातूच्या आरंभीचा वर्ण दुहेरी होतो, आणि त्याच रीतीने जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा आणि खाण्याची इच्छा ती बुभुक्षा. या बुभुक्षेचे प्राकृतात ‘भुक्खा’ झाले, हिंदीत ‘भूख’ झाले आणि मराठीत शेवटच्या वर्णातला श्वास गळून ‘भूक’ उरले. भिक्षा या शब्दाचे हिंदीत ‘भीख’ आणि मराठीत ‘भीक’ व्हावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे मुळात भूक ही इच्छा आहे, अभाव नव्हे. घरात धान्याचे पोते भरलेले असतानाही भूक लागते आणि पोते रिकामे असतानाही लागते. शब्दाला त्याच्याशी देणेघेणे नव्हते. संस्कृतातला दुसरा शब्द ‘क्षुधा’ मराठीत आला खरा, पण तो पोथीत आणि जुन्या खानावळींच्या ‘क्षुधाशांती’ अशा पाट्यांवरच राहिला. शेतात नांगर धरलेल्या माणसाला क्षुधा लागल्याचे कोणी ऐकलेले नाही.

मराठी व्याकरण या शब्दाला कसे वागवते, हेही पाहण्यासारखे आहे. ‘मी भुकेला आहे’ असे वाक्य मराठीत चूक नाही, परंतु जेवणाच्या वेळी असे कोणी बोलत नाही. आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो आणि वऱ्हाडात ‘मले भूक लागली’ म्हणतात. या वाक्याचा कर्ता मी नसून भूक आहे. मी केवळ ती भूक जिथे लागली अशी जागा आहे. तहान, झोप, ठेच, ऊन आणि आग हेही असेच ‘लागतात’, म्हणजे बाहेरून किंवा आतून येऊन माणसाला चिकटतात. शिवाय क्रियापद भूतकाळी असूनही अर्थ वर्तमानाचा असतो: ‘भूक लागली’ म्हणजे आत्ता, या क्षणी लागलेली आहे. सवयीचा किंवा प्रकृतीचा प्रश्न असेल तेव्हाच ‘लागते’ हे रूप येते, आणि डॉक्टरांचा प्रश्न त्या रूपात असतो. वाक्यातील रूपामुळेच एका ठिकाणी संवेदना आणि दुसऱ्या ठिकाणी अन्नाची रुची असा फरक ऐकणाऱ्याला न शिकवता कळतो. लेखनाचा एक बारकावा येथेच सांगून टाकतो: मूळ शब्द दीर्घ ‘भूक’ असला तरी प्रत्यय लागताच ‘भुकेने’, ‘भुकेला’, ‘भुकेलेला’ असा ऱ्हस्व उकार होतो, ‘भूकबळी’ हा सामासिक शब्द असल्यामुळे त्यात दीर्घ ऊकार कायम राहतो.

‘भूक नाही’ हे वाक्य याहून अवघड आहे. त्याचा सरळ अर्थ खाण्याची इच्छा नाही असा होतो, आणि पाहुण्याने आग्रह टाळण्यासाठी म्हटले तर तो नम्र नकार ठरतो. पण खेड्यातल्या कोणत्याही घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असते, की टोपल्यात भाकरी मोजक्या उरल्या असताना वाढणाऱ्या बाईने ‘मले भूक नाही, तुम्ही जेवा’ म्हटले, तर त्या वाक्यातील भूक हा शब्द शरीराविषयी काहीही सांगत नाही. तो टोपल्याविषयी सांगतो. ऐकणाऱ्यालाही हे समजलेले असते, आणि तरीही संभाषण जणू शरीराविषयीच चालले आहे अशा थाटात पुढे जाते. या वाक्याची पुढे पुन्हा गरज पडणार आहे.

मग अन्नच नाही, हे सांगायचे असेल तर आमच्याकडे कोणते शब्द येतात? नीट ऐकले तर त्यात भूक क्वचितच असते. ‘घरात दाणा नाही’, ‘चूल पेटली नाही’, ‘भागत नाही’, ‘पुरत नाही’, ‘अर्ध्या पोटी निजलो’ असे बोलले जाते. ‘उपाशी’ हा शब्द येतो, आणि तो तर फारच विचार करायला लावणारा आहे, कारण त्याचा उगम ‘उपवास’ या शब्दात आहे. उपवास म्हणजे मुळात देवाजवळ राहणे. त्याचे ‘उपास’ झाले आणि उपास घडलेला तो उपाशी. एकादशीला साबुदाण्याची उसळ खाऊन जो राहतो त्याचाही उपासच, आणि मजुरी न मिळाल्याने जो पाणी पिऊन निजतो त्याचाही उपासच. भाषेने हा भेद नामात ठेवला नाही, क्रियापदात ठेवला: पहिला माणूस उपास ‘करतो’ किंवा ‘धरतो’, तर दुसऱ्याला उपास ‘घडतो’. ‘आज उपास घडला’ या वाक्यात लाज झाकण्याची सोय आहे, कारण ऐकणाऱ्याला वाटल्यास तो ते पुण्यात जमा करू शकतो. उपोषण हा त्याच कुळातील शब्द आंदोलनाच्या मंडपात गेला आणि लंघन वैद्याकडे राहिले. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

अभाव दाखवणारी बहुतेक वाक्ये भुकेऐवजी पोटाभोवती फिरतात, हेही योगायोगाने झालेले नाही. हातावर पोट असते, पोटाला चिमटा घ्यावा लागतो, पोट पाठीला लागते, पोटावर पाय येतो, पोटाची खळगी भरायची असते. भूक ही घटकाभराची असते, ती येते आणि जाते. पोट मात्र रोजचे आहे. म्हणून ज्याची अडचण रोजची असते, तो पोटाचे नाव घेतो. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण अनेकदा साधेपणाच्या कौतुकासाठी सांगितली जाते, की खरी भूक लागली तर कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली तर दगडाची उशीही चालते. ज्यांनी ज्वारी संपल्यावर कण्यांची पातळ आंबील चार जणांत वाढलेली पाहिली आहे, त्यांना या म्हणीतला कोंडा प्रत्यक्षात काय असतो हे माहीत असते, आणि तिचे कौतुक करण्याची त्यांना फारशी हौस नसते.

लाक्षणिक वापराविषयी थोडक्यात सांगता येईल. देव भावाचा भुकेला असतो, माणूस मायेचा भुकेला असतो, कोणाला ज्ञानाची भूक असते तर कोणाला सत्तेची. इच्छा हा मूळ अर्थ येथे शाबूत आहे. मात्र भुकेला भागण्याची मर्यादा असते. जिला मर्यादा नाही तिला मराठीत हाव किंवा वखवख म्हणतात, आणि जेवूनही जो थांबत नाही तो भुकेला नसून अधाशी ठरतो. सत्तेची ‘भूक’ म्हणणारे लेखक सत्ताधाऱ्याशी जरा उदारपणे वागतात, असे माझे मत आहे.

आता शरीराकडे वळू. ‘पोटात कावळे ओरडणे’ हा वाक्प्रचार शरीरविज्ञानाच्या दृष्टीने बऱ्यापैकी अचूक आहे. जठर आणि लहान आतडे रिकामे झाल्यावर साधारण दीड ते दोन तासांच्या अंतराने त्यांच्या स्नायूंत आकुंचनाची एक लाट वरून खाली जाते. तिचे काम उरलेसुरले पुढे ढकलून जागा साफ करण्याचे असते, आणि आतला वायू व द्रव हलल्यामुळे तो गुरगुरणारा आवाज येतो. पण हा आवाज म्हणजे भूक नव्हे. भुकेची जाणीव मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागात जुळवली जाते आणि तिथे रक्तातून निरोप पोहोचतात. जठरातून निघणारा घ्रेलिन हा संप्रेरक खाण्याची इच्छा वाढवतो. जपानमधील संशोधकांनी तो 1999 मध्ये ओळखला. चरबीच्या पेशींतून निघणारा लेप्टिन साठा किती आहे ते कळवतो आणि इच्छा आवरतो. त्याचा शोध 1994 चा. घ्रेलिन ठरलेल्या जेवणाच्या वेळेच्या आधी वाढू लागतो, म्हणून कापूस वेचणाऱ्या बाईला बांधावरची शिदोरी सोडण्याची वेळ घड्याळ नसतानाही कळते, आणि सणाच्या दिवशी पुरणाला उशीर झाला की घरातली सगळी माणसे एकाच वेळी चिडचिडी होतात.

जेवण मिळालेच नाही तर पुढे काय होते? यकृतातला साखरेचा साठा साधारण एक दिवस पुरतो. त्यानंतर शरीर चरबी वितळवू लागते, तिच्यापासून तयार होणाऱ्या कीटोन नावाच्या पदार्थांवर मेंदू काही प्रमाणात चालू लागतो, आणि स्नायूंमधली प्रथिनेही खर्ची पडतात. पूर्ण अन्नत्यागात दोन-तीन दिवसांनंतर भुकेची तीव्रता पुष्कळदा ओसरते, हा अनुभव उपोषणकर्ते सांगतात. अर्धपोटी राहण्यात मात्र ही सवलत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 निरोगी स्वयंसेवक पुरुषांना चोवीस आठवडे निम्म्या आहारावर ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलेच, पण त्याहून बोलके हे, की त्यांच्या मनात दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरे काही राहिले नाही. ते पाककृती वाचू लागले, ताट चाटूनपुसून खाऊ लागले, एकमेकांशी बोलेनासे झाले. त्या माणसांना प्रयोग संपण्याची तारीख ठाऊक होती. आषाढ-श्रावणात, जुने धान्य सरलेले आणि नवे शेतात हिरवे असताना ज्यांना दरवर्षी हाच काळ काढावा लागतो, त्यांच्या सुस्तपणावर किंवा चिडखोरपणावर शेरा मारण्यापूर्वी हा प्रयोग आठवलेला बरा.

लहान मुलांमध्ये गोष्ट आणखी वेगळी होते, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. मराठीत ‘भूक मरते’ असा शब्दप्रयोग आहे. जेवणाआधी चहा-बिस्कीट खाल्ले की भूक मरते, असे आपण म्हणतो; पण तीव्र कुपोषण झालेल्या मुलाची भूक याहून खऱ्या अर्थाने मेलेली असते. वारंवार होणारे जुलाब, ताप, छातीचे संसर्ग आणि जस्तासारख्या सूक्ष्म घटकांची कमतरता यांमुळे त्याची खाण्याची इच्छाच नष्ट होते. असे मूल रडून अन्न मागत नाही, ते कोपऱ्यात निपचित बसते. घरचे सांगतात, ‘याले भूकच लागत नाही, देतो तर खात नाही’, आणि त्यात त्यांचे काहीही खोटे नसते. मात्र ज्याला भूक लागत नाही तो भुकेने मरू शकत नाही, हा निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे. उलट भूक न लागणे ही त्याच्या जिवाला असलेल्या धोक्याची खूण आहे.

अंगणवाडीताई मुलाच्या दंडाला जी रंगीत पट्टी लावतात, तिच्यावर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलासाठी 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी माप आले तर ते तीव्र कुपोषित, म्हणजे सरकारी बोलीत ‘सॅम’, आणि त्यावर 12.5 पर्यंत मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’, धरले जाते. तीव्र कुपोषित मूल सापडल्यावर त्याच्यावर गावातच उपचार करायचे की दवाखान्यात दाखल करायचे, हे ठरवताना एक साधी चाचणी केली जाते आणि तिचे नावच भूक चाचणी आहे. शांत जागी, आईच्या मांडीवर बसवून मुलाला त्याच्या वजनानुसार ठरलेला उपचारात्मक आहार देतात आणि ते आपणहून किती खाते हे पाहतात. खाल्ले, आणि दुसरी कोणती गुंतागुंत नसली, तर गावात उपचार शक्य. तोंड फिरवले, तर दवाखाना. म्हणजे कुपोषणाच्या उपचारातच ‘भूक’ हा शब्द पुन्हा त्याच्या जुन्या, आरोग्याच्या अर्थाने वापरला जातो. तेथेही खायला एकदम भरपूर देत नाहीत, कारण फार काळ उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक मिळालेले पोटभर जेवण रक्तातील क्षारांचा तोल बिघडवून घातक ठरू शकते.

या पार्श्वभूमीवर ‘भूकबळी’ या शब्दावरून होणारे वाद समजून घेता येतात. मेळघाटातील, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील, कोरकू मुलांचे मृत्यू 1993 मध्ये राज्यभर चर्चेत आले आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात हा शब्द वर्तमानपत्रांतून परत येतो. प्रत्येक वेळी एक बाजू भूकबळी म्हणते आणि दुसरी बाजू दाखला काढून दाखवते, की मृत्यू न्यूमोनियाने झाला, जुलाबाने झाला, कमी वजनामुळे झाला. कागदाच्या दृष्टीने दुसरी बाजू बहुधा खोटे बोलत नसते, कारण उपासमार सहसा स्वतःच्या नावाने मारत नाही. ती आधी शरीराची प्रतिकारशक्ती काढून घेते, आणि मग धडधाकट मूल ज्या आजारातून चार दिवसांत उठले असते, त्याच आजारात हे मूल दगावते. ‘पोटात अन्नाचे कण सापडले’ हा युक्तिवाद याच कारणाने फोल आहे. अन्नाच्या अभावाचे मोजमाप शेवटच्या घासावर होत नसून मागच्या कित्येक महिन्यांवर होत असते.

अभाव म्हणजे गावात धान्य नसणे, असेही नेहमी समजले जाते. वऱ्हाडाला हे उदाहरण दुसरीकडून आणण्याची गरज नाही. 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला हा मुलूख कापसासाठी नावाजला गेला, रेल्वे आली, कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंग आले. तरीही 1899-1900 च्या दुष्काळाने त्याला सोडले नाही. पीक बुडाल्यावर शेतमजुराची मजुरी बुडते, आणि रुळावरून आलेले धान्य विकत घ्यायला त्याच्याकडे पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनी पुढे दुष्काळांचा अभ्यास करून हेच मांडले, की प्रश्न अन्न किती आहे एवढाच नसून ते मिळवण्याचा हक्क आणि ऐपत कोणाकडे आहे हा असतो. कापूस पिकवणाऱ्याचे शेत पांढरे झाले म्हणून त्याची चूल पेटत नाही. कापूस खाता येत नाही, तो विकून ज्वारी आणावी लागते. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात सुरू झालेली रोजगार हमीची कामे आणि 2013 चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, ज्यानुसार पात्र व्यक्तीला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, हे दोन्ही उपाय या ऐपतीच्या बाजूने केलेले आहेत. पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आले याचा सरकारी अंदाज, मात्र पिकाची काढतात. 50 पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते, पण ज्याला शेतच नाही त्याची पैसेवारी कोणी काढत नाही. रेशनच्या गहू-तांदळाने पोट भरते हे खरे, परंतु लोह, अ जीवनसत्त्व आणि प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत. पोट भरलेले असताना राहणाऱ्या या उणिवेला पोषणतज्ज्ञ ‘छुपी भूक’ म्हणतात. येथे शब्दाने आपल्या मूळ अर्थाशी पूर्ण फारकत घेतली आहे, कारण छुपी भूक कोणालाही ‘लागत’ नाही.

जी गोष्ट लागत नाही, लागली तरी सांगितली जात नाही, ती मोजायची कशी? जागतिक भूक निर्देशांक 2006 पासून प्रसिद्ध होतो आणि त्यात अपुऱ्या उष्मांकांवर जगणाऱ्या लोकांचे प्रमाण, मुलांची खुंटलेली उंची, उंचीच्या मानाने कमी वजन आणि पाच वर्षांखालील मृत्यू हे चार घटक असतात. चारपैकी तीन घटक मुलांविषयीचे असल्यामुळे त्याला सबंध देशाच्या भुकेचा निर्देशांक म्हणावे का, हा आक्षेप भारत सरकारने घेतला आहे, आणि शब्दार्थाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. त्यामुळे खुंटलेली मुले उंच होत नाहीत, हा भाग वेगळा. दुसरी पद्धत थेट माणसाला विचारण्याची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यासाठी आठ प्रश्नांची मालिका तयार केली आहे. गेल्या बारा महिन्यांत पैशाच्या किंवा साधनांच्या अभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, सकस खाता आले नाही असे झाले का, मोजकेच पदार्थ खावे लागले का, एखादे जेवण टाळावे लागले का, हवे त्याहून कमी खाल्ले का, घरातले अन्न संपले का, भूक लागूनही खाल्ले नाही असे झाले का, आणि अखेरीस सबंध दिवस काहीच न खाता काढला का. आठांपैकी केवळ सातव्या प्रश्नात ‘भूक’ हा शब्द येतो.

हे प्रश्न वऱ्हाडी खेड्यात विचारायचे झाले तर पहिल्याच प्रश्नाला ‘काळजी तं रोजचीच हाये बापा’ असे उत्तर सहज मिळेल, कारण काळजी सांगण्यात कमीपणा नाही. ‘मोजकेच पदार्थ’ म्हणण्याऐवजी ‘भाजीबिगर तिखट-मिठासंगं भाकर खाल्ली का’ असे विचारावे लागेल. ‘कमी खाल्ले का’ याला बायका अंदाजाने मान हलवतील. सातव्या प्रश्नाला मात्र त्याच बाईकडून ‘नाही, मले भूकच नव्हती लागली’ असे उत्तर येण्याची शक्यता मोठी, आणि प्रश्न विचारणाऱ्याला त्यापुढे ‘नाही’ या रकान्यात खूण करावी लागेल. आठवा प्रश्न विचारताना जाणता माणूस शब्द बदलून घेतो. ‘दिवसभर उपाशी राहिल्या का’ असे न म्हणता तो विचारतो, ‘माय, यंदा उपास किती घडले?’